रावबहादूर हल्क

पत्त्यांच्या खेळांविषयीचे माझे प्रतिकूल मत या सदराच्या वाचकांनी इतक्या वेळा सोसले आहे की त्याच्या पुनरुक्तीचे प्रयोजन नाही. परंतु गेल्या रविवारी, भोजनोत्तर वामकुक्षीचा अंमल नुकता कोठे डोळ्यांवर बसू लागला असताना, आमचे भाचेराव मोबाइल माझ्या नाकापुढे धरून ‘मामा, माझा हल्क इन्फिनिटी झाला!’ अशी द्वाही फिरवते झाले, तेव्हा झोपेबरोबर माझा संयमही सुटला. हल्क म्हणजे अमेरिकी चित्रकथांतला तो हिरवा, फाटक्या विजारीतला महाकाय पुरुष. त्याची पदोन्नती झाली असेल तर बळातही तदनुरूप वृद्धी झाली असेल, अशा समजुतीने मी विचारले, ‘मग आता याची ताकद किती?’ ‘बाराच की! अपग्रेडनं ताकद कशी वाढेल, मामा?’ असे उत्तर आले, आणि असा प्रश्न विचारणाऱ्या मनुष्याविषयीची कीव त्याच्या मुद्रेवर स्पष्ट उमटली.

खेळाचे नाव ‘मार्व्हल स्नॅप’. ‘हर्थस्टोन’ या ख्यातनाम पत्तेखेळाच्या कर्त्यांपैकी एक, बेन ब्रोड, यांच्या ‘सेकंड डिनर’ या मंडळीने तो २०२२ च्या ऑक्टोबरात जगापुढे आणला. बारा पत्त्यांचा डेक, तीन रणभूमी, बहुधा सहा खेळ्या आणि काही मिनिटांत निकाल. खेळता खेळता ‘बूस्टर’ जमतात, नेमून दिलेली कामगिरी बजावली की ‘क्रेडिट्स’ मिळतात, आणि या दोहोंचा भरणा करून पत्ता कॉमनपासून इन्फिनिटीपर्यंत एकेक पायरी चढवावयाचा असतो. मूळ कोष्टकाप्रमाणे पहिली पायरी २५ क्रेडिट्सची, शेवटची ५०० ची, आणि अथपासून इतिपर्यंतची बेरीज १,५२५ ची. त्या मोबदल्यात आकृती प्रथम चौकटीबाहेर डोकावते, मग तिला खोली येते, मग ती हालचाल करू लागते; ६ ऊर्जेचा आणि १२ बळाचा हल्क मात्र ६ ऊर्जेचा आणि १२ बळाचाच राहतो.

या तपशिलावरून मला आमच्या आजोळच्या रावसाहेबांची आठवण झाली, आणि आता या लेखाचे काय होणार हे जुन्या वाचकांनी ओळखलेच असेल.

इंग्रजी अमलात नववर्षदिनी आणि बादशहांच्या वाढदिवशी किताबांची यादी प्रसिद्ध होत असे. हिंदू गृहस्थ असेल तर रावसाहेब, त्यावर रावबहादूर, त्याहून वर दिवाणबहादूर. मुसलमान गृहस्थ असेल तर खानसाहेब आणि खानबहादूर. किताबाबरोबर सनद येई, पदक येई. जहागीर येत नसे, तनखा येत नसे, आणि साध्या पट्टेवाल्याला हुकूम सोडण्याचा अधिकारही येत नसे. आमचे रावसाहेब हे सेवानिवृत्त मामलेदार. आजी सांगत असे की, ज्या पत्रावर नावामागे ‘रावसाहेब’ लिहिलेले नसे ते पत्र, मग ते सख्ख्या जावयाचे का असेना, ‘या नावाचा इसम येथे राहत नाही’ असा शेरा मारून ते टपालवाल्याच्या हाती परत देत. आणि पुढे ‘रावबहादूर’ होण्याची आकांक्षा त्यांच्या ठायी इतकी प्रबळ झाली की दारावरच्या पाटीवर, नावाच्या डावीकडे, तेवढी अक्षरे मावतील एवढी जागा त्यांनी रंगाऱ्याकडून आगाऊ कोरी ठेवविली होती.

त्या कोऱ्या जागेसाठी त्यांनी काय केले नाही? युद्धनिधीत वर्गणी भरली, कलेक्टरसाहेबांच्या स्वागतासाठी कमानी उभारल्या, शाळेला घंटा दिली, आणि एका दुष्काळी वर्षी वेशीबाहेर विहीर खोदविली. रावबहादुरी अखेरपर्यंत लाभली नाही. पण विहिरीला पाणी लागले, आणि त्यांच्या पाठीमागे त्यांची यथेच्छ थट्टा करणारा सारा गाव ते पाणी पुढे कित्येक वर्षे निःसंकोचपणे शेंदत राहिला.

या खेळाच्या कर्त्यांनी नेमके हेच मर्म हेरले आहे. जुन्या पत्त्याला किताब दिला की खेळाडूच्या संग्रहाची श्रेणी वाढते, आणि ती श्रेणी वाढत गेली की वाटेत नवे पत्ते हाती लागतात; म्हणजे विहीर हवी असेल तर आधी पाटी रंगवली पाहिजे. मनुष्य सत्तेपेक्षा शोभेसाठी अधिक राबतो, हा सिद्धान्त ज्या सरकारने फुकटच्या सनदांवर आपल्या देशात यशस्वी करून दाखविला, त्याचे शिष्यत्व पत्करणारी मंडळी कॅलिफोर्नियात निघावी यात मला नवल वाटत नाही. किताब देणाऱ्याची मर्जी फिरली की किताबाचे काय होते, याचाही अनुभव त्यांच्या खेळाडूंना आला: २०२५ च्या जानेवारीत, या खेळाचा तत्कालीन प्रकाशक टिकटॉकच्याच मालकांच्या छत्राखाली असल्यामुळे, टिकटॉकबरोबर हा खेळही अमेरिकेत काही काळ बंद पडला आणि तेथील इन्फिनिटी दरबार एका रात्रीत दिसेनासा झाला. आपल्याकडे हेच कार्य संविधानाच्या अनुच्छेद १८ ने अधिक सभ्यपणे पार पाडले.

तथापि, रावसाहेबांवर हसणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहावी. पेशवाईतले सरदार पोकळ किताबावर संतुष्ट नव्हते. त्यांना सरंजाम लागे, मुलूख लागे, त्या मुलुखाच्या वसुलावर फौज पोसता येई, आणि अशा फौजा पुढे कोणाकोणावर चालून गेल्या हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. २०१६ साली निघालेल्या ‘क्लॅश रोयाल’सारख्या खेळांत पत्ता अपग्रेड केला की त्याचा प्रहार आणि सोशिकपणा खरोखरीच वाढतो, आणि ही वाढ पैसे मोजून लवकर पदरात पाडून घेता येते. तेथे ज्याची थैली जड त्याची फौज जड. त्या मानाने हल्कची रावबहादुरी निरुपद्रवी आहे. कारण ती मिरवणारा खेळाडू पाटावर बसला की त्याचे १२ आणि नवशिक्याचे १२ यांत तिळमात्र भेद उरत नाही.

सबब ज्यांच्या घरी अशी मुले आहेत त्या पालकांस माझी एवढीच विनंती आहे की, मोबाइल हिसकावून घेण्यापूर्वी त्यांनी मुलाला एकच प्रश्न विचारावा: अपग्रेड केल्यावर पत्त्याची ताकद वाढते काय? ‘नाही’ असे उत्तर आले तर त्याला खुशाल सनदा वाटू द्याव्यात. ‘हो’ असे आले तर मात्र त्याच दिवशी बँकेचे पासबुक तपासून घ्यावे.