श्रम कोठे कमी?

चिखलीत आमच्याच सोसायटीत राहणारा एक मुलगा आयटीआय पूर्ण करून चाकण परिसरातील कारखान्यांत शिकाऊ उमेदवारीसाठी परीक्षा देत आहे. मध्यंतरी तो सरावाची पुस्तिका घेऊन माझ्याकडे आला. दोन चित्रे होती. दगड तोच, पहार तीच. पहिल्यात टेकू दगडालगत, दुसऱ्यात मधोमध. ‘दगड उचलण्यास श्रम कोठे कमी लागतील?’ पर्याय तीन : पहिल्यात, दुसऱ्यात, दोन्हींत सारखेच.

मी वाणिज्य शाखेचा. तरीही कागद ओढला. पहार १५० सेंटिमीटर, दगड ६० किलो धरला. टेकू दगडापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर हाताकडची बाजू १२०, म्हणजे चौपट. १५ किलोचा जोर पुरतो. टेकू मध्यावर असेल तर पूर्ण ६० किलोचा. परंतु दगड १० सेंटिमीटर वर न्यायचा तर पहिल्या चित्रात हात ४० सेंटिमीटर खाली न्यावा लागतो, दुसऱ्यात १०च. गुणाकार दोन्हीकडे ६००. ताळेबंद जुळला की बँकेतल्या माणसाला दुसरे काही दिसत नाही. मी म्हणालो, ‘सारखेच.’

परीक्षेत जवळजवळ तोच प्रश्न आला. त्याने माझ्या भरवशावर खूण केली. उत्तरसूचीत ‘पहिल्यात’ होते आणि निवड यादीत त्याचे नाव नव्हते. एका गुणानेच संधी गेली असे म्हणवत नाही; पण तो गुण माझ्या नावे खर्ची पडला आहे.

शालेय पुस्तकात टेकू, भार, बल असे नेमके शब्द आहेत. बल आणि अंतर यांच्या गुणाकाराला कार्य म्हणतात. ‘श्रम’ हा मात्र व्यवहारातला शब्द, बलालाही चालतो आणि कार्यालाही. हा घोटाळा मला नवा नव्हता. ग्राहक विचारीत, ‘साहेब, कोणते कर्ज हलके?’ एक लाख रुपये १२ टक्क्यांनी एका वर्षात फेडले तर मासिक हप्ता सुमारे ८,८८५ रुपये, तीन वर्षांत फेडले तर ३,३२१. हप्ता हलका, पण एकूण भरणा सुमारे १,०६,६०० ऐवजी १,१९,६००. (पहार निदान व्याज लावत नाही, घर्षण काय खाईल तेवढेच.) म्हणून मी आधी विचारीत असे, ‘हलके म्हणजे हप्ता, की एकूण रक्कम?’ त्या मुलापुढे मात्र हा प्रश्न मला सुचला नाही.

परवा तो पुन्हा आला. रागावलेला नव्हता. म्हणाला, ‘काका, दगड किती उंच न्यायचा, ते चित्रात कुठेच नव्हतं.’

खरेच. ते १० सेंटिमीटर मीच घातले होते.