मावशी प्रेमळ आहे हो, पण आई चालते का?

हॉस्पिटलमधून पेशंट घरी आला की पहिल्या आठवड्यात भेटायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. "बाई कशी मिळाली?" उत्तरंही ठरलेली. "चांगली आहे हो, स्वच्छ आहे." "प्रेमळ आहे." "वेळेवर येते." फारच कौतुक करायचं असेल तर "मोबाईल बघत बसत नाही". झालं! दर्जाची तपासणी संपली.

मंडळी, हे निकष पोळ्यावाल्या बाईंना लावायचे आहेत. तीन-चार आठवड्यांसाठी, पेशंट पुन्हा उभा राहावा म्हणून जी सेवा घेतली, तिचा निकष एकच असू शकतो: दर आठवड्याला पेशंटला तिची गरज कमी लागतेय का? लागत नसेल, आणि त्याला डॉक्टरी कारणही नसेल, तर मावशी कितीही मायाळू असो, सेवा वाईट आहे. हे वाक्य मी आमच्या घरात मोठ्याने बोलले तेव्हा बराच गदारोळ झाला होता. (मामा, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. तरीही लिहितेय.)

आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पाचव्या दिवशी डिस्चार्ज. डिस्चार्ज म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी "आज सोडतोय" म्हणायचं, इन्शुरन्सचं अप्रूव्हल येईपर्यंत संध्याकाळ करायची, आणि मग नर्सने फाईल हातात देऊन दोन मिनिटांत गोळ्या समजावायच्या. फाईलमध्ये स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं की वॉकर घेऊन, पायावर पूर्ण वजन देऊन, दिवसातून तीन-चार वेळा चालवा. आता ही ओळ जिने अमलात आणायची ती मावशी सातवी पास. तिला ती कोणी वाचून दाखवायची? हॉस्पिटल म्हणतं आमचं काम संपलं. ब्यूरो म्हणतो आम्ही फक्त माणूस पुरवतो.

ब्यूरोने फोनवर विचारलेले प्रश्न मला अजून पाठ आहेत. पेशंट बाई की पुरुष? वजन किती? डायपर की बेडपॅन? बारा तास की चोवीस? ऍडव्हान्स कधी देताय? चार आठवड्यांनी आईने काय काय करायला हवं आहे, हे एकदाही कोणी विचारलं नाही.

मग तीन आठवडे आई डायपरमध्ये, पलंगावर. खोली चकचकीत, वास नाही, वेणीफणी व्यवस्थित. अमेरिकेतून दादा व्हिडिओ कॉलवर बघायचा आणि खूश व्हायचा, कारण व्हिडिओ कॉलवर चादर दिसते, टाचेवरचा लाल डाग दिसत नाही. तो मला आंघोळीच्या वेळी दिसला.

यात मावशीला शिव्या घालायला माझी मुळीच तयारी नाही. अडुसष्ट किलोची बाई एकटीने उठवून बाथरूमपर्यंत न्यायची. कसं उठवायचं हे कधी शिकवलेलं नाही, धरायला कमरेचा पट्टा नाही, आणि पेशंट पडला तर खापर तिच्या डोक्यावर, वर त्या दिवसाचे पैसेही गेले. अशा वेळी डायपर बांधणं हाच शहाणपणा! शिवाय "चोवीस तासांची मावशी" ही काय भानगड आहे? दिवसभर राबलेल्या माणसाने रात्री पलंगाशेजारी चटईवर झोपून दर दोन तासांनी उठून पेशंटची कूस बदलायची? हे दोन माणसांचं काम एकीच्या पगारात करून घेणं आहे, आणि त्यातलंही कमिशन ब्यूरो कापून घेतो.

आता पलंगाचं गणित बघा. २००७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा प्रयोग छापून आला होता. साठीच्या पुढच्या, चांगल्या धडधाकट, मोजक्या दहा-बारा लोकांना दहा दिवस पलंगावर ठेवलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं. ही निरोगी माणसं होती! हाड मोडलेल्या, नीट न जेवणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचं काय होत असेल? हार्लन क्रमहोल्झ या हृदयरोगतज्ज्ञाने २०१३ साली 'हॉस्पिटलनंतरचा आजार' अशी कल्पना मांडली होती. घरी आल्यावर साधारण महिनाभर माणूस इतका कमजोर असतो की मूळ दुखणं बाजूलाच राहतं आणि भलत्याच कारणाने त्याला परत दाखल करावं लागतं. म्हणजे नेमक्या ज्या महिन्यात आपण "आराम करू दे गं तिला" म्हणतो, तोच महिना सगळ्यात जोखमीचा.

पण आपल्याकडे आराम म्हणजे प्रेम. उठवणारी ती कठोर, भरवणारी ती प्रेमळ. चौथ्या आठवड्यात आम्ही मावशी बदलल्या आणि एक तरुण ताई आली. ती आईला चमचा स्वतः धरायला लावायची, कमोडच्या खुर्चीवर बसवायचीच, आई रडली तरी. दुपारी आलेल्या आत्याने बाहेर येऊन मला सांगितलं, "ही बाई काढून टाक, माया नाही हिला." त्याच ताईच्या हाताखाली आई महिन्याभरात वॉकरने स्वयंपाकघरात जाऊन चहा गाळायला लागली. आत्या त्या चहालाही नावं ठेवते. असो.

"मग मोजायचं कसं? माणसाची सेवा काय तराजूत घालायची?" हा प्रश्न हमखास येतो. घालायची की! तराजू १९६५ पासून तयार आहे. बार्थेल इंडेक्स नावाचा. दहा साध्या गोष्टी: जेवणं, आंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं, कपडे घालणं, शौच आणि लघवीवर ताबा, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत येणं, चालणं, जिना. एकूण गुण शंभर. पंधरा मिनिटंही लागत नाहीत. आमच्या फिजिओने तीन आठवड्यांनी आईला दिले चाळीस आणि पुढच्या महिनाअखेरीस ऐंशी. कोणती सेवा चांगली होती, यावर मला आणखी वाद घालायची इच्छा नाही.

अर्थात प्रत्येक पेशंटचे गुण वाढणार नाहीत. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला जिना चढायला लावू नका. तिथे दुखणं किती कमी आहे, पाठ शाबूत आहे का, घरच्यांना रात्री झोप मिळते का, हे बघा. पण तिथेही काहीतरी बघा आणि लिहून ठेवा. ब्यूरो काय बघतो? आठवड्याने व्हॉट्सऍपवर लिंक पाठवतो, पाच चांदण्या.

ब्यूरोला दिवसावर पैसे मिळतात. आई जितकी जास्त दिवस पलंगावर, तितकं त्याचं बिल. पेशंट लवकर बरा झाला तर ज्याचं नुकसान होतं, त्याच्याकडूनच आपण दर्जाची खात्री मागतोय!

सरकारचं म्हणाल तर १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा आहे, तो पेशंट दाखल करून घेणाऱ्या जागेबद्दल बोलतो. नर्सेसचा कायदा १९६६ चा, तो शिकलेल्या, नोंदणीकृत नर्ससाठी. आपल्या घरी येणारी मावशी या दोन्हींत कुठेच नाही. इन्शुरन्सवाल्यांच्या "देय नाही" यादीत अटेंडंट आणि खाजगी नर्सचा खर्च ठळकपणे असतो. म्हणजे पैसे देणारा एकटा पेशंटच, आणि तो बिचारा पलंगावर.

इंग्लंडमध्ये पेशंट पुन्हा स्वतःच्या पायावर उभा राहावा म्हणून दिली जाणारी ही घरची सेवा सहा आठवड्यांपर्यंत मोफत असते आणि घरी सेवा देणाऱ्या संस्थांची तपासणी एक आयोग करतो. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. २०२४ साली तिथल्या आरोग्यमंत्र्यांनीच या आयोगाच्या कारभारावर कोरडे ओढले. पण आयोग आहे म्हणून कोरडे तरी ओढता आले. आपण कोणावर ओढणार?

"नियम आणलेत तर दर वाढतील, गरिबांनी काय करायचं?" हा आक्षेप खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. आम्हाला बारा तासांचे रोज नऊशे रुपये पडत होते आणि ते आम्हालाही जड होते. पण सात आठवडे नऊशे देण्यापेक्षा चार आठवडे बाराशे दिले तर साडेदहा हजार रुपये वाचतात. हा हिशेब मी दादाला पाठवला तेव्हा त्याने अंगठा दाखवला. (व्हॉट्सऍपवरचा!)

माझं मागणं फार मोठं नाही. हॉस्पिटलने डिस्चार्जच्या कागदावर एक पान मराठीत द्यावं: पहिल्या आठवड्यात हे, दुसऱ्या आठवड्यात ते. ब्यूरोने माणूस पाठवण्याआधी त्याला पेशंट उठवायला शिकवावं आणि चोवीस तासांना दोन माणसं द्यावीत. पहिल्या दिवशी आणि मग दर रविवारी बार्थेलचे गुण फ्रिजवर लावलेल्या कागदावर लिहावेत, खाली ब्यूरोची सही. मी पुण्यातल्या चार ब्यूरोंना फोन करून विचारलं, असं लेखी द्याल का? तिघांनी विषय बदलला. चौथा म्हणाला, "मॅडम, एवढं कोण बघतं?"