बसायला जागा आहे का?

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या बचत गटाच्या सात-आठ जणींना घेऊन एका मोठ्या संस्थेच्या मुख्य कार्यालयात गेले होते. कर्जाचं काम होतं. नवी कोरी इमारत, समोरून सगळी काच. वॉचमनने दोघींनाच आत सोडलं. बाकीच्या भर उन्हात फरशीवर उभ्या. ना झाड, ना टेकायला कट्टा. स्वच्छतागृह विचारलं तर, "ते स्टाफसाठी आहे ताई." आत मात्र एसीने मला हुडहुडी भरली! आणि भिंतीवर पाटी काय, तर 'हरित इमारत'.

ती पाटी काही डोक्यातून जाईना. मग जरा वाचायला घेतलं.

आपल्याकडे २००७ साली इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आली. काचेतून किती ऊन आत यावं, छपराने किती उष्णता अडवावी, असे नियम त्यात आहेत. २०२२ साली कायद्यात दुरुस्तीही झाली. चांगलंच आहे. पण हा हिशेब मुख्यतः इमारतीच्या आतला. चकचकीत काच ऊन परतवते म्हणजे कुठे पाठवते? समोरच्या फुटपाथवर! एसीची गरम हवाही बाहेरच. आत वाचलेली वीज थोडीफार आमच्या सुमनताईंच्या डोक्यावरच तापत होती म्हणायची.

दिल्लीत जोरबागला पर्यावरण मंत्रालयाचं मुख्यालय, इंदिरा पर्यावरण भवन, २०१४ साली उभं राहिलं. छपरावर ९३० किलोवॅटची सौर यंत्रणा. वर्षाला लागेल तेवढी वीज तिथेच व्हावी, हा उद्देश. मला मात्र भावला तो मधला मोठा चौक. उजेड आणि वारा देणारा. म्हणजे आपल्या जुन्या वाड्याचीच युक्ती की!

त्याहून माझं मन रमतं अहमदाबादच्या 'संगाथ'मध्ये. बाळकृष्ण दोशींचं हे कार्यालय. त्यांचा जन्म आपल्या पुण्यातला, १९२७चा. वास्तुकलेतला प्रित्झ्कर पुरस्कार २०१८ साली मिळवणारे ते पहिले भारतीय. १९८०च्या सुमारास त्यांनी स्वतःसाठी ही वास्तू बांधली. अर्धी जमिनीत. तळघर थंड का, हे आपल्या आज्यांना विचारा. वर अर्धगोल छपरं, त्यांवर चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांचा थर. पावसाचं पाणी पन्हाळींतून खेळत खाली येतं. आणि बाहेर गवताळ पायऱ्या. चार माणसं जमतील, बसतील, हा विचार आराखड्यातच. कोणी पाटी देईल म्हणून नव्हे.

आमच्या घरी यावर वाद झाला. हे म्हणाले, "कट्टा बांधला की टपऱ्या लागणार, शिवाय सुरक्षेचं काय?" मुद्दा अगदीच खोटा नाही. पण जिथे रोज शंभर माणसं कामाला येतात, तिथे ती थांबणारच. सावलीत की उन्हात, एवढंच आपण ठरवायचं. झाडाच्या सावलीने अंगणही निवतं आणि भिंतही. पैसे वाचतात ते त्यांचेच ना! शिवाय बायका पाणी न पिता ताटकळतात, त्याचे परिणाम आम्ही वस्तीतल्या आरोग्य शिबिरात पाहतो.

कर्जाच्या अर्जासोबत आम्ही दुसराही एक अर्ज दिलाय. एक कडुनिंब, एक कट्टा, दाराजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह. पोच मिळाली आहे. पुढची तारीख मिळाली की पुन्हा जायचंय. या वेळी सतरंजी आणि पाण्याचा कॅन घेऊनच.