न्हाणीघराच्या भिंतीचे पोपडे

ईद जवळ आली की घरोघरी रंगाऱ्याची शोधाशोध सुरू होते. बैठकीच्या खोलीला नवा रंग, स्वयंपाकघराला नवा रंग आणि डब्यात उरेल तो न्हाणीघराला. वर्षभरात तिथले पोपडे पुन्हा सुटतात आणि दोष रंगाला लागतो. भगिनींनो, बहुतेक वेळा दोष भिंतीतल्या ओलीचा असतो.

वर्गात आम्ही बाष्पीभवन शिकवतो, तेच इथे घडते. विटांत आणि सिमेंटमध्ये क्षार असतात. ओल ते विरघळवून वर आणते, पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक वाढून रंगाचा थर आतून ढकलतात. पोपड्यामागे बोटाला लागते ती पांढरी भुकटी हीच. उर्दूतला ‘सीलन’ हा शब्द आम्हाला इथे जास्त नेमका वाटतो.

तेव्हा आधी पाणी कुठून येते ते पाहावे. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवावा. आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतूनच येते आहे: नळाचा सांधा, वरच्या मजल्याची मोरी किंवा बाहेरची भेग. ती बंद झाल्याशिवाय रंगावर एक रुपयाही घालू नये. थेंब फक्त बाहेरून असतील तर ती आंघोळीची वाफ. तिला खिडकी किंवा पंखा हवा.

वुजूच्या नळामागची भिंत दिवसातून पाच वेळा भिजते. पोपडे तिथेच, जमिनीपासून दोन-तीन फुटांत सुटतात आणि रांगत्या बाळाचा हातही नेमका तिथेच पोहोचतो. ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात, विशेषतः ऑइलपेंटमध्ये, शिसे असू शकते आणि ते मुलांच्या मेंदूला बाधते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पाणी मारून, ओल्या पॉलिशपेपरने घासावा, तोंडाला चांगला मास्क असावा. मुले आणि गरोदर सून त्या दिवशी घरात नसलेली बरी. कचरा झाडू न मारता ओल्या फडक्याने उचलावा.

हातोडीने हलके ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तिथले प्लास्टर विटेपर्यंत काढावे. नव्या प्लास्टरच्या मालात वॉटरप्रूफिंगचे द्रावण मिसळावे, सात दिवस पाणी मारावे आणि मग तीन आठवडे तरी वाळू द्यावे. रंगारी इथेच घाई करतो, कारण त्याला पुढचे काम असते. बुरशीवर ब्लीचिंग पावडरचे पाणी चालते, मात्र त्यात अॅसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

लांबी पांढऱ्या सिमेंटची घ्यावी. खडूची स्वस्त लांबी ओलीत फुगते. त्यावर प्रायमर, मग रंगाचे दोन हात. नळामागे मात्र तीन-चार फूट टाइल्सच बसवाव्यात, असे आमचे मत. एकदाच खर्च होतो.

रंगानंतर दोन दिवस आंघोळ बंद. शेजारच्या भाभींना आधीच सांगून ठेवावे.