शेवटची सुपारी कशाला?

भाडोत्री मारेकरी सुधारायला निघाला की थरारकादंबरीचा लेखक ठरलेल्या वाटेने जातो. नायकाला एखादी बाई नाहीतर लेकरू भेटते, उपरती होते आणि मग येते ती शेवटची सुपारी. यावेळी मरणारा मात्र मरायच्याच लायकीचा निघतो. याला सुधारणे म्हणायचे? गिऱ्हाईक बदलले, धंदा तोच राहिला.

यावर दोन आक्षेप येतात. शस्त्र खाली ठेवले तर थरार उरतो कुठे? आणि रागाच्या भरात खून करणारा पस्तावेल, पैसे घेऊन जीव घेणारा कशाला पस्तावेल? कायदाही अशा खुनाला वेगळा मोजतो; भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मधल्या संघटित गुन्ह्यांत सुपारीचा खून स्पष्टपणे आलेला आहे.

पण परंपरेतला अंगुलिमाल तरी कुठे वैरापोटी मारत होता? गुरुदक्षिणेची बोटे पुरी करायची होती, बस. तो भिक्खू झाल्यावरही लोकांनी त्याला दगड मारले, भिक्षापात्र फोडले आणि बुद्धाने त्याला ते सोसायला सांगितले. सुधारला म्हणून हिशेब मिटला नाही. वाल्या कोळ्याच्या गोष्टीत मारलेल्यांच्या घरचे कोणी बोलतच नाही, म्हणून मला ती अर्धी वाटते.

राहिला थरार. औंध संस्थानात १९३९ मध्ये मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभे राहिले. कैद्यांची वसाहत, पण भिंत नाही. त्यावरूनच गदिमांची कथा आणि शांतारामबापूंचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. सहा खुनी पळतील की राहतील, एवढ्यावर प्रेक्षक खुर्चीला खिळतो.

मराठवाड्यातही पैठणला खुले कारागृह आहे. तिथून संचित रजेवर सुटलेला नायक लेखकाने देवगाव फाट्यावर उतरवून पाहावा. जिंतूरच्या रस्त्यावरून सेलूकडे वळायचे ते इथे. मुंबईत नाव बदलून खपून जाता येते, फाट्यावरच्या हॉटेलात चहा यायच्या आत कोणीतरी विचारते, “कोणत्या गावचे? कोणाचे?” खरे सांगायचे की खोटे? आणि विचारणारा मयताचा भाऊ असला तर? पोलिसांच्या पाठलागापेक्षा ही पाने लिहायला कितीतरी अवघड आहेत. लेखकाचा हात पिस्तुलाकडे जातो तो बहुधा त्यामुळेच.