पेटंट आपलं, तारीख कुणाची?

माझी शाळा कॉन्व्हेंटची. मराठीत लिहायची वेळ आली की अजून पोटात गोळा येतो. पण हा विषय माझ्या गावचा आहे, म्हणून मराठीतच लिहिते. चुका पोटात घाला!

मी चंदगडची. आमच्याकडे पाऊस आणि काजू, दोन्हींना तोटा नाही. काजू फोडणाऱ्या बायकांचे हात ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. टरफलातल्या तेलाने बोटं काळी पडतात, कातडी सोलवटते. माझ्या मावसभावाच्या ग्रुपने (तो दुसऱ्या कॉलेजात होता) शेवटच्या वर्षी याच कामासाठी एक छोटं यंत्र केलं. फेब्रुवारीत भारतात पेटंटचा अर्ज टाकला. गावातल्या एका शेडवाल्या काकांनी पैसे घातले, त्यामुळे वर्षाच्या आत पीसीटीचा अर्जही गेला. मग काय, मावशी गल्लीभर सांगत सुटली, "पोरांना इंटरनॅशनल पेटंट मिळालं!"

इथेच सगळी गंमत आहे. असं पेटंट जगात नसतंच! पीसीटी हा १९७० साली झालेला करार. भारत त्यात ७ डिसेंबर १९९८ ला आला, आणि आज दीडशेहून जास्त देश त्यात आहेत. या एका अर्जाने मिळतो तो वेळ. तुमच्या कल्पनेसारखं आधी कुठे काही झालंय का, याचा शोध-अहवाल येतो आणि तुम्हाला विचार करायला सवड मिळते. पेटंट द्यायचं की नाही हे शेवटी प्रत्येक देश आपापलं ठरवतो. त्यासाठी त्या-त्या देशात मुदतीच्या आत जाऊन फी भरायची, लागेल तिथे भाषांतर द्यायचं, वकील नेमायचा. अमेरिका, जपान यांना ही मुदत ३० महिने, युरोपियन पेटंट ऑफिस आणि व्हिएतनामला ३१. भारताचीही ३१ आहे, पण आपला पहिला अर्ज इथेच असेल तर तो वेगळा चालूच असतो. चीन जादा फी घेऊन ३० वर आणखी दोन महिने देतो.

आता खरी मेख. हे महिने पीसीटीच्या तारखेपासून मोजायचे नाहीत, अगदी पहिल्या अर्जाच्या तारखेपासून मोजायचे! म्हणजे पीसीटी करेपर्यंतच १२ महिने संपलेले असतात.

मावसभावाच्या ग्रुपचं गणित बघा. अर्ज फेब्रुवारीत, जूनमध्ये सगळे पास. ३० महिने भरतात तिसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, ३१ सप्टेंबरात. तोपर्यंत एक जण पुण्यात, एक बेंगळुरूला, एक एमपीएससीच्या अभ्यासाला आणि मावसभाऊ गावी. आठवणीचे मेल ग्रुपच्या ईमेलवर येत होते आणि पासवर्ड होता बेंगळुरूवाल्याकडे. त्याने मेल उघडले तेव्हा गणपती विसर्जन होऊन गेलं होतं! काही देश कारण पटलं तर दार परत उघडतात, पण त्या भरवशावर कोण राहणार?

शेडवाले काका मात्र हिशेबी. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अमेरिकेत काजू कोण फोडतंय रे? व्हिएतनामला अर्ज केला हुता का?" चौघंही गप्प. खरंच आहे. काजू फोडायचा धंदा व्हिएतनाममध्ये केवढा मोठा आहे! भारतातला अर्ज शाबूत आहे, पण व्हिएतनाममध्ये आता ते यंत्र कुणीही बनवू शकतं आणि आपल्याला तोंड उघडता येत नाही.

कोणी म्हणेल, कॉलेजच्या प्रोजेक्टला परदेशातलं पेटंट कशाला? मान्य. बहुतेक वेळा नकोच असतं. भारतातून स्वतःच्या नावाने अर्ज करणाऱ्याला पीसीटीच्या काही फींमध्ये ९० टक्के सवलत मिळते, पण पुढे एकेका देशाचा खर्च अंगावर येतो. परवडत नाही म्हणून विचार करून सोडणं वेगळं आणि पासवर्ड माहीत नाही म्हणून हातचं जाणं वेगळं. पहिल्याला निर्णय म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि दोष फक्त पोरांचा आहे का? अर्ज टाकला की बोर्डावर अभिनंदन लागतं, फोटो निघतो. पुढे त्या अर्जाचं काय झालं हे कोण विचारतं? मुदत ३० महिन्यांची आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कॉलेजात राहणार चारच महिने. मग राहतं कोण? कॉलेज!

म्हणून सरांना आणि मॅडमना विनंती. डिपार्टमेंटमध्ये एक साधी वही ठेवा. पहिल्या अर्जाची तारीख आणि त्यापुढे १२, ३० आणि ३१ महिन्यांच्या तारखा. सोबत चौघांचे घरचे पत्ते आणि आई-वडिलांचे फोन नंबर, कारण आपले नंबर बदलतात, त्यांचे सहसा नाही. आणि २४ व्या महिन्यात सगळ्यांना एक फोन: "कुठल्या देशात जायचंय? का जायचं नाही?" बस्स, एवढंच.

आणि मित्रांनो, आपणही मेसचं बिल, परीक्षेचा फॉर्म, सगळं शेवटच्या दिवशी भरणारी माणसं. तिथे लेट फी भरून सुटतो. इथे दरवेळी सुटका नाही.

मावसभाऊ आता दुसऱ्या यंत्रावर काम करतोय. या वेळी तारखा कुठे लिहिल्यात माहितीये? मावशीच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी. मावशी सिलिंडरची तारीख कधीच विसरत नाही!

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, मेकॅनिकल