धावफलकांतील एकवीस

सन १९४३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर झालेल्या पंचरंगी क्रिकेट सामन्याचा धावफलक परवां आम्हीं नातवंडांपुढें मांडिला. हिंदु संघाच्या ५८१ धावा. ‘रेस्ट’ संघाचा पहिला डाव १३३, दुसरा ३८७. त्या ३८७ पैकीं विजय हजारे यांच्या एकट्यांच्या ३०९! तरीहि हिंदु एक डाव व ६१ धावांनीं जिंकले. (धर्मवार संघांची ती पद्धति पुढें बंद पडली, तें बरेंच झालें.)

नातवंडें ३०९ वर लुब्ध झालीं. आमची दृष्टि मात्र दुसऱ्याच आंकड्यावर खिळली: विवेक हजारे, २१. हे विजयरावांचे बंधु. दोघां भावांनीं मिळून ३०० धावांची भर घातली, तींत यांच्या एवढ्याच. पण दुसरें टोक यांनीं धरून ठेविलें नसतें, तर ते ३०९ कोठून होते?

वाचकहो, येथें हिंगोलीस आमच्या घरीं वाटणीचा मसुदा तयार आहे. आमच्या पगारांतून बांधलेलें घर त्यांतून वगळावें, असें चिरंजीवांचें म्हणणें. आम्ही परगांवीं शाळेंत शिकवीत असतां कळमनुरीकडील शेत, मातोश्रींचें दुखणें, आला-गेला, सारें धाकट्या बंधूंनीं पाहिलें. जमेच्या वहींत त्यांचें नांव नाहीं.

घर धरून मसुदा नव्यानें करावा, असें आम्हीं वकिलांस कळविलें आहे. चिरंजीव तूर्त रुसले आहेत.